शेवटच्या खुर्चीच्या मागे

१

दुपारी बाराच्या ठोक्याला लाइट जायची, आणि ज्योत्स्नाच्या क्लासमधला खरा अभ्यास तेव्हाच सुरू व्हायचा.

साल अठ्ठ्याण्णव. बारामतीत, खतं-बियाणांच्या एका दुकानाच्या माडीवर सर्जेरावांनी हौसेनं कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. लांबट खोली, सहा मशीन, एक मोडेम आणि शिकवायला वरकुट्याची ज्योत्स्ना. मशीनला धूळ चालत नाही म्हणून खिडक्यांना थर्माकोल ठोकून वर काळा कागद डकवलेला. चपला जिन्यात काढायच्या. लाइट असली की खोलीत गारवा आणि पंख्यांची घरघर, लाइट गेली की भर दुपारी मिट्ट अंधार. दाराच्या फटीतून येईल तेवढाच उजेड, तोही पुढच्या दोन खुर्च्यांपर्यंत पोचेपर्यंत दमायचा.

दर सोमवारी पुण्याच्या एका संस्थेकडून ईमेलवर प्रॉब्लेम यायचे. त्यांचा प्रोग्राम लिहायचा, मोडेमवरून पाठवायचा. तिकडची मशीन तो चालवून बघायची आणि संध्याकाळपर्यंत एका शब्दात निकाल द्यायची, बरोबर किंवा चूक. कुठं चुकलं ते मेली कधी सांगायची नाही. अशी चौदा गावांतली केंद्रं या सरावात होती आणि दर शनिवारी त्यांची क्रमवारी यायची. वर्षाअखेरी एक मोठी फेरी. तिच्यानंतरच्या क्रमवारीत पहिल्या तीन केंद्रांतल्या दोघादोघांना पुण्याला सहा महिने शिकवणार, राहायची सोय करणार आणि पुढं नोकरीला लावणार. बारामतीचं केंद्र नवव्या-दहाव्या नंबरावर घुटमळत होतं.

क्लासमध्ये पोरं सात. मशीन सहा, त्यातही दुपारचे तीन तास वीजकपात. मग ज्योत्स्नानं रांग काढली.

रांग म्हणजे पोरांनीच प्रोग्राम व्हायचं. सात लोखंडी खुर्च्या एकामागे एक. पहिल्या खुर्चीवर रणजित, शेवटच्या खुर्चीवर नकोशी. काही गणितं अशी असतात की सात नंबरचं उत्तर काढायला सहा नंबरचं लागतं, सहाला पाचचं लागतं. तर रणजितनं खुर्ची फिरवून मागच्याला सहा विचारायचं, त्यानं खुर्ची फिरवून त्याच्या मागच्याला पाच. असं करत शेवटच्याकडं एक जातो. एकचं उत्तर दिलेलंच असतं. मग तो शेवटचा उत्तर देतो, पुढचा खुर्ची पुन्हा सरळ करतो, पाटीवर आपला हिशेब करतो, त्याच्या पुढच्याला सांगतो. असं उत्तर रणजितपर्यंत येतं. नियम दोनच होते. आपल्याला फक्त पुढचा आणि मागचा ठाऊक, बाकी रांगेत कोण आहे त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आणि एकदा विचारलं की उत्तर आल्याबिगर उठायचं नाही.

पोरांना ही रांग फार आवडायची. शहाबादी फरशीवर खुर्च्या खर्रकन् फिरायच्या आणि खालचा दुकानदार वर बघून शिव्या घालायचा.

२

पण त्या रांगेनंच एक खोड लावली. रांगेत माणसं सात आणि प्रश्नही सातपासूनच सुरू व्हायचा, म्हणून शेवटच्या खुर्चीवर बरोबर एक यायचा आणि काम आपोआप थांबायचं. पोरांच्या डोक्यात असं बसलं की रांग संपली की थांबणं आलंच, ते वेगळं लिहायला कशाला हवं? कागदावर प्रोग्राम लिहिताना ‘एक आला की थांब’ ही ओळच कुणी लिहीना. मशीनला भिंत दिसत नाही. ती एकनंतर शून्य विचारायची, शून्यानंतर उणे एक, आणि विचारत विचारत कोलमडायची. लागोपाठ तीन आठवडे पुण्याहून ‘चूक’ आलं. सर्जेराव म्हणाले, बाई, तुमच्या रांगेनंच पोरं बिघडवली.

ते ज्योत्स्नाला झोंबलं. तिनं ठरवलं, एकदा यांना तोंडावर पाडायचंच. गुरुवारी लाइट गेल्यावर तिनं मुद्दाम प्रश्न दहापासून सुरू केला. म्हणजे शेवटी नकोशीकडं चार येणार, तिला तीन विचारावं लागणार आणि मागं तर भिंत. पोरगी अडकणार, सगळे हसणार आणि थांबायची ओळ जन्मात विसरणार नाहीत.

खुर्च्या फिरत गेल्या. दहा, नऊ, आठ. नकोशीकडं चार आला.

नकोशी कण्हेरीची. एकोणीस वर्षांची, अंगानं काटकुळी, तेल चोपडून घातलेली एक वेणी. चौथी मुलगी झाली म्हणून आजीनं हे नाव ठेवलेलं, पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. तो झालाही. नाव मात्र शाळेच्या दाखल्यावर चढून बसलं. क्लासमध्ये ती कधी आपण होऊन बोलायची नाही. कुठंही जा, ती शेवटची जागा बरोबर हेरायची.

तिनं हात वर केला नाही. मॅडम, मागं कोण न्हाय, असंही म्हणाली नाही. खुर्ची खर्रकन् फिरवली, भिंतीकडं तोंड केलं आणि हलकेच म्हणाली, “तीन.”

ज्योत्स्ना ओठ दाबून हसू आवरत उभी राहिली. पोरं वाट बघत होती. अंधारात कुणी खोकलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात मोजतोय. रांगेचा ताल तिच्या अंगात मुरलेला होता. एका खुर्चीला जायला किती वेळ, पाटीवर लिहून परत यायला किती. आणि ही शांतता बरोबर तीन माणसांच्या जाण्यायेण्याएवढी होती. ना कमी, ना जास्त.

नकोशी खुर्ची सरळ करून पुढच्याला उत्तर सांगू लागली. उत्तर खुर्ची खुर्ची करत रणजितपर्यंत आलं. ते बरोबर होतं.

नंतर ज्योत्स्नानं तिला बाजूला घेऊन विचारलं, तीनचं उत्तर मनातल्या मनात काढलंस का? अवघड काही नव्हतं, तीनचं गणित कुणीही करेल.

“न्हाय,” नकोशी म्हणाली. “इचारलं. सांगितलं.”

“कुणी?”

तिनं खाली मान घातली. “मागच्यानं.”

३

ज्योत्स्नाच्या घरात भुताखेताला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर ताईत, उतारे सगळं नदीत सोडलं होतं. तिचे वडील ज्ञानदेव गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. गावात कुणाच्या अंगात आलं की लोक त्यांना बोलवायला भ्यायचे, कारण ते आधी तांब्याभर पाणी तोंडावर मारायचे. रविवारी वरकुट्याला गेल्यावर तिनं त्यांना सगळं सांगितलं. गुरुजींनी ऐकून घेतलं. म्हणाले, पोरगी हुशार आहे आणि लाजते, म्हणून मागच्यावर ढकलते. पण तुला शंका आहे ना? मग एकदा बघून मानू नकोस, दुसऱ्यांदा बघ. असं बघ की फसवायला जागाच राहू नये.

सोमवारी ती आधी इमारतीच्या मागं गेली. त्या भिंतीला पलीकडं काहीच नव्हतं. सरळसोट भिंत, तिच्यावरून उतरलेला पावसाच्या पाण्याचा नळ, खाली रिकामा प्लॉट आणि त्यात उकिरडा. वर येऊन तिनं आतून भिंत ठोकून पाहिली. कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर चुना. भरीव भिंत. हे बघूनच तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिनं दुसरी परीक्षा मांडली. पोरांना न दाखवता लाइट असतानाच एक नवं गणित मशीनवर सोडवलं, एकोणीस नंबरचं उत्तर चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी मुठीत ठेवली. आकडा नऊ अंकी. एकोणीसपासून रांग सुरू झाली तर नकोशीकडं तेरा येणार, तिला बारा विचारावं लागणार. बारा पायऱ्या मनात करणं ज्योत्स्नालाही जमलं नसतं.

लाइट गेली. दार पुरतं लावून घेतलं. रांग फिरत शेवटाला आली आणि नकोशी भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “बारा.”

या वेळी आवाज आला.

खुर्चीचा आवाज. खर्रकन्, भिंतीपाशीच. मग दुसरा, जरा लांब. तिसरा त्याहून लांब. रिकाम्या शाळेत वर्गाच्या टोकाला कुणी बाक सरकवावं तसा तो आवाज मागं मागं जात राहिला, जिथं खोली नव्हती, प्लॉट नव्हता, काहीच असायला नको होतं तिथवर. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना सातही पोरं आपापल्या जागी पाठमोरी दिसत होती, एकानंही मान वळवली नाही. ज्योत्स्नाला वाटलं, खालच्या दुकानात पोती ओढतायत. असेल, तसंच असेल. तरी ती मोजत राहिली. बारा.

मग आवाज परत येऊ लागले. ते मोजताना मुठीतली चिठ्ठी ओली झाली. शेवटचा आवाज नकोशीच्या अगदी मागं झाला.

जाताना बारा, येताना नऊ. तीन मोजायचे राहिले असतील, तिनं स्वतःला बजावलं. भीतीपायी मोजणं चुकतंच.

रणजितनं उत्तर वाचून दाखवलं. ते चिठ्ठीशी अंकाला अंक जुळत होतं.

४

त्या आठवड्यापासून क्लासचं नशीब पालटलं असं सर्जेराव म्हणायचे. त्यांना काय ठाऊक? खरं एवढंच होतं की पोरं आता थांबायची ओळ विसरत नव्हती आणि पुण्याहून ‘बरोबर’ येत होतं. ज्योत्स्नानं रांग बंद केली होती. लाइट गेली की ती पोरांना जिन्यात बसवून कागदावर लिहायला लावायची. कारण विचारलं तर म्हणायची, अंधारात डोळे बिघडतात. क्रमवारीत केंद्र पाचवं आलं, मग चौथं.

नकोशीचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. एक दिवस जिन्यात बसून ती आपल्या गुडघ्यावरचा जुना व्रण निरखत होती. रणजितला म्हणाली, ही खूण कशाची रं? रणजितही कण्हेरीचाच, पहिलीपासून तिच्या वर्गातला. तो हसला. म्हणाला, अगं, बैलगाडीतनं पडलीस की तू, मीच नव्हतो का तुला उचलायला. नकोशी पुन्हा व्रणाकडं बघू लागली. तिला त्यातलं काहीएक आठवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात रणजित एकटाच लवकर आला आणि दारात घुटमळला. पोरगं थट्टेखोर, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला. त्यानं सांगितलं की काल घरी जाताना नकोशी कण्हेरीच्या फाट्यावर एस.टी.तून उतरली आणि तिथंच उभी राहिली. घर कुठल्या अंगाला ते तिला कळेना. तो बरोबर होता म्हणून बरं.

ज्योत्स्नानं नकोशीला बोलावलं. जवळ बसवलं. डॉक्टरकडं जाऊ म्हणाली. नकोशीनं मान हलवली.

“मॅडम, मला ठावं हाय काय झालंय. मागं बसत्यात त्या माझ्याहून ल्हान हायत. एकीहून एक ल्हान. म्या इचारलं की त्या सांगत्यात. सगळ्या परत येत न्हायत, एवढंच.”

“कोण आहेत त्या?”

“तुमीच सांगितलंय की मॅडम. आपल्या मागचीशी मतलब, तिच्या मागं कोण हाय त्याच्याशी न्हाय.” मग ती म्हणाली, “आनि जे गेलं ते माज्या कुठं उपेगाचं हुतं? आजी हाक मारायची त्येच आठवायचं सारखं. बरं हाय गेलं ते.”

आपण या पोरीला बरं करायचं सोडून तिचं ऐकून घेतोय, याची ज्योत्स्नाला लाज वाटली. रांग पुन्हा घ्यायची नाही, अशी तिनं मनाशी शपथ घेतली.

५

मोठी फेरी आली ती मार्चमध्ये, शनिवारी. बारा वाजायच्या आत प्रॉब्लेम मोडेमवर येणार आणि तीन वाजायच्या आत उत्तराचा आकडा पुण्याला फोनवर सांगायचा, असा नियम. लहान गावांत मोडेमचा भरवसा नाही म्हणून फोनची सवलत दिलेली. क्रमवारीत बारामती चौथी. एक आकडा बरोबर आला की तिसरी.

त्या दिवशी नकोशीच्या डोळ्यांत ज्योत्स्नानं पहिल्यांदा काहीतरी मागणं पाहिलं. वडील कुंडलिक यांनी शब्द दिला होता, पुण्याचं नाव आलं तर पाठवीन. नाही आलं तर बावड्याचं स्थळ आलेलं आहे, पुढच्या सोमवारी सुपारी फोडायची. मुलगा तिनं पाहिलाही नव्हता. ज्योत्स्नानं दोघांची नावं आधीच लिहून दिली होती, रणजित आणि नकोशी.

प्रॉब्लेम आला, कागदावर छापून झाला आणि लाइट गेली. बारा वाजायला दहा मिनिटं असताना गेली. सर्जेराव वायरमनकडं धावले. वायरमन म्हणाला, आज चारशिवाय येत नाही.

गणित तीस नंबरचं होतं. प्रत्येक पायरीला लांबलचक गुणाकार. हातानं तीस पायऱ्या करायला सगळ्यांनी मिळून पाच तास लागले असते. तरी ज्योत्स्नानं जिन्यात बसून करायला लावलं. गणित उलगडण्यातच तासभर गेला, दीड वाजेपर्यंत सहा पायऱ्या झाल्या. सहाचं उत्तर तिनं पाटीवर लिहून ठेवलं आणि घड्याळाकडं बघितलं. पोरांनी पेन्सिली खाली ठेवल्या होत्या.

नकोशी उठली. कुणाला काही न विचारता आत गेली आणि शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली.

“मॅडम,” ती अंधारातून म्हणाली, “येकदाच. पुन्यात गेल्यावर मला कशाला लागतंय हितलं काय?”

बाकीची पोरं ज्योत्स्नाकडं बघत राहिली. तिनं नाही म्हणायला हवं होतं. तिनं ते म्हटलं नाही. पुढची सगळी वर्षं तिनं स्वतःला हे एवढंच ऐकवलं. “बसा,” ती म्हणाली.

रणजितनं तीस घेतला. खुर्च्या फिरल्या. नकोशीकडं चोवीस आला. तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि तेवीस विचारला.

खर्रकन्. एक. दोन. तीन. आवाज मागं जात राहिले. तेवीस व्हायला हवे होते. ज्योत्स्ना भिंतीला टेकून उभी राहून मोजत होती. पंधरा झाले, सोळा झाले. आवाज आता इतके बारीक होते की कानानं ओढून आणावे लागत होते, आणि ते हलके होत चालले होते, खुर्चीवरचं वजनच कमी कमी व्हावं तसे. सतरा. अठरा.

मग काही नाही.

ती थांबली. दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. पोरं पाठमोरी, कुणी हलेना. नकोशी भिंतीकडं तोंड करून बसलेली, पाटी मांडीवर. ज्योत्स्नानं तिच्या खांद्याला हात लावला. खांदा गार होता.

“ऊठ,” ती म्हणाली. “पुरे झालं, ऊठ नकोशे.”

“उत्तर आलं न्हाय.” आवाज तिचा, पण झोपेतला. “उत्तर आल्याबिगर कसं उठू?”

ज्योत्स्नानं टेबलावरची बॅटरी घेतली आणि भिंतीवर मारली.

उजेड भिंतीवर पडला नाही. तो पुढं गेला. पुढं लोखंडी खुर्ची होती, तिच्यावर पाठमोरी एक मुलगी, तेल चोपडलेली तीच वेणी. तिच्या पुढच्या खुर्चीवर तीच मुलगी, जराशी ठेंगणी. त्यापुढं निळ्या स्कर्टातली. त्यापुढं दोन वेण्यांची, पाय जमिनीला न पोचणारी. सगळ्यांची तोंडं पलीकडं. एकीहून एक लहान, एकीच्या मागं एक, उजेड जिथं संपत होता तिथवर. शेवटच्या खुर्चीवर कुणी बसलेलं दिसत नव्हतं. नुसतं एक फडकं होतं, आणि ते हलत होतं. त्याला बसता येत नव्हतं की बोलता येत नव्हतं. ते कुणाला काय विचारणार? त्याच्या मागं कुणीच नव्हतं.

ज्योत्स्नाच्या हातातली बॅटरी खाली पडली आणि विझली.

तेव्हा तिचं डोकं लख्ख चालू होतं, हे तिला नंतर सगळ्यात जास्त छळायचं. तेवीसमधून पायऱ्या खाली मोजल्या तर त्या शेवटच्याकडं सहा पोचला होता. त्याला मागं विचारायला कुणी नाही, म्हणून काम अडलं होतं. आणि सहाचं उत्तर तिनं स्वतः पाटीवर लिहिलं होतं, ते तिला तोंडपाठ होतं. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. नकोशीला बकोटीला धरून ओढून बाहेर न्यावं, नाहीतर ते उत्तर सांगावं. दोन्ही तिच्या हातात होतं. तिनं बावड्याचं स्थळ आठवलं. तिनं पोरीचं भलंच पाहिलं.

तिनं भिंतीकडं तोंड करून सहाचं उत्तर मोठ्यानं सांगितलं.

उत्तर परत यायला लागलं ते तिला कळलं, कारण नकोशीचा श्वास चालू झाला. कुजबूज जवळ जवळ येत होती, आकडा वाढत वाढत येत होता. नकोशीनं पाटीवर लिहिलं, खुर्ची सरळ केली आणि पुढच्याला सांगितलं. तीनला पाच मिनिटं असताना रणजितनं फोनवर आकडा वाचला. पलीकडून बाई म्हणाली, बरोबर. पोरांनी टाळ्या वाजवल्या, सर्जेरावांनी पेढे आणायला माणूस धाडला.

ज्योत्स्ना त्या भिंतीपाशीच उभी होती. जाताना अठरा खुर्च्या वाजल्या होत्या. येताना एकही खुर्ची वाजली नव्हती.

६

मे महिन्यात फुलाबाई आल्या. नकोशीची आई. कण्हेरीहून एकट्या, हातात पिशवी. दुपारची लाइट गेलेली. पोरं नव्हती, नवी बॅच जूनमध्ये सुरू व्हायची होती. ज्योत्स्नानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

फुलाबाई पुण्याला जाऊन आल्या होत्या. पोरगी बरी आहे म्हणाल्या. अंगानं भरलीय, कामात हुशार आहे, सायेब लोक नाव घेतात. हे सगळं त्यांनी नीट, क्रमानं सांगितलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

“म्या दारात हुबी. पोरगी बाहीर आली. मला म्हनली, कोन पायजेल तुमाला? अहो म्हनली मला, मॅडम. बसा म्हनली. पानी दिलं, आता तुमी दिलं तसं.”

शहरात गेल्यावर पोरं बदलतात, असं काहीतरी ज्योत्स्ना पुटपुटली. स्वतःचाच आवाज तिला खोटा वाटला.

“तसं न्हवं. लाजली असती तर कळलं असतं मला. तिनं वळीखलंच न्हाय.” फुलाबाई रडत नव्हत्या. “नकोशी हे नाव म्या न्हाय ठिवलं. सासूनं ठिवलं. घरात कुनी नसलं की म्या तिला जयवंता म्हनायची. माज्या आयचं नाव. न्हानपनापासनं. तिला आनि मलाच ठावं हुतं ते. म्हनलं, त्या नावानं तरी वळंल. हाक मारली. तिनं मागं बगितलं, आनि कुनाला मारली म्हनून हिकडं तिकडं बगाया लागली.”

बरं आहे गेलं ते, असं ती पोरगी म्हणाली होती. तिला स्वतःलाही कळलं नव्हतं की आजीच्या हाकेबरोबर ही हाकही जाणार. आणि ज्योत्स्नानं तर विचारलंच नव्हतं.

“तुमी शिकवलंय तिला,” फुलाबाई म्हणाल्या. “ती हितं कुठं बसायची, तेवढं दावा.”

ज्योत्स्नानं नको म्हणून बघितलं. मग बोट करून दाखवलं. शेवटची खुर्ची कुणी हलवली नव्हती. फुलाबाई भिंत चाचपत गेल्या, त्या खुर्चीवर बसल्या. बसल्यावर कोणत्या अंगाला तोंड करावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी भिंतीकडं केलं. बसल्या त्या, दमलेली बाई कुठंही बसते तशा.

मग त्यांनी हाक मारली. मोठ्यानं नाही. तिन्हीसांजेला चुलीपुढून, घरात दुसरं कुणी ऐकू नये अशी आई मारते तशी.

“जयवंता.”

ज्योत्स्ना दाराला धरून उभी होती. खाली रस्त्यावर एक ट्रॅक्टर गेला, तो लांब जाईपर्यंत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. फुलाबाई तशाच वाट बघत राहिल्या. त्यांना रांगेचे नियम कुणी सांगितले नव्हते, पण त्या उठल्या नाहीत.

आणि भिंतीच्या पलीकडं, फार लांब, एक हलकी खुर्ची फिरली.